संध्याकाळच्या गाडीचे मेष्ट्रु

आमच्या ऑफिसात 'चालत नाही' असं म्हणायला बंदी होती. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती, मेष्ट्रूंनी घातलेली होती. कुणी त्यांच्या टेबलाशी जाऊन "सर, चालत नाही" म्हणालं की ते मान वर न करता विचारत, "काय केलंस? काय झालं? काय व्हायला पाहिजे होतं?" या सगळ्याची उत्तरं आल्याशिवाय ते खुर्चीतून हलत नसत. उत्तरं देता देताच निम्म्या लोकांना स्वतःचा घोटाळा कळे आणि ते ओशाळून परत जात. उरलेल्यांच्या मागून मेष्ट्रु चपला सरकवत येत आणि म्हणत, "नोडोण." म्हणजे, बघू या.

मेष्ट्रु म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. या गृहस्थाने आयुष्यात एकही दिवस शाळेत शिकवलं नव्हतं. पण बोलण्याचा सूर असा की समोरच्याला आपण अंगठे धरून उभे आहोत असं वाटावं, म्हणून सगळा मजला त्यांना मेष्ट्रु म्हणे. मीही म्हणू लागले. नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले, इथे सरस्वतीपुरममधल्या या प्रकाशन कंपनीत शाळेच्या हिंदी आणि संस्कृत गाईडांची पानं लावायचं काम मिळालं, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. फोनवर मी नवऱ्याशी मराठीत बोलत होते. फोन ठेवल्यावर शेजारून आवाज आला, "तू मराठी काय ग? सांगायचं की आधी. मी सुम्ने, उगीच तुझ्याशी इंग्रजी बोलत बसलो." त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. घरात मराठी, बाकी सगळं कन्नड. त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चौथ्या शब्दाला एक कन्नड शब्द भेटे. माझी मराठी मात्र त्यांना विनोदी वाटे. मी 'कृपया' म्हटलं की ते हात जोडून नमस्कार करत.

ते आमच्या पानांचे स्वयंपाकी होते म्हटलं तरी चालेल. गाईडचं एक पुस्तक लावायचं म्हणजे मजकूर पानांत ओतायचा, प्रश्नांना क्रमांक घालायचे, चित्रं जागच्या जागी बसवायची, मथळे एकसारखे करायचे, पानांचे आकडे टाकायचे, अनुक्रमणिका जुळवायची, शेवटी छापखान्याला पाठवायची फाईल बनवायची. हाताने करायला बसलं तर मान मोडते. मेष्ट्रूंनी यातल्या प्रत्येक कामासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कडेला त्यांची नावं दिसत. नावावर क्लिक केलं की ती स्क्रिप्ट धावे आणि काम करून टाके. नावं कुणालाही कळतील अशी नव्हती. मेष्ट्रु रोज नंजनगूडहून आगगाडीने येत. म्हणून वाटेवरच्या स्टेशनांच्या क्रमाने, मजकूर ओतणाऱ्या स्क्रिप्टचं नाव 'नंजनगूड', त्यानंतरची 'सुजातपुरम', मग 'तांडवपुर', 'कडकोळ', 'अशोकपुरम', 'चामराजपुरम', आणि छापखान्याची फाईल बनवणारी 'म्हैसूर'. आम्ही एकमेकींना सहज विचारत असू, "तुझं सातवीचं संस्कृत कुठवर आलं?" "कडकोळला थांबलंय. मालकांचे प्रश्न यायचेत." नवीन मुलगी कामाला लागली की तिला आपण वेड्यांच्या इस्पितळात आलो असं वाटे.

चूक दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली की मेष्ट्रु खूश होत. ती ते स्तोत्र म्हटल्यासारखी सावकाश, मोठ्याने वाचत. बाकीचे सगळे ती खिडकी झटकन बंद करणारे. "अरे, तो बिचारा काहीतरी सांगतोय, अन् तू त्याच्या तोंडावर दार आपटतोस? हौदा? हो ना?" असं म्हणून ते त्या माणसाला पुन्हा तीच चूक करायला लावत. दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी बदलल्यावर दुरुस्त झालं, तर त्यांच्या लेखी ते दुरुस्त झालेलंच नसे. आणि तिसरं म्हणजे, त्यांना 'आपोआप' या शब्दाची चीड. आपोआप फक्त केस पांढरे होतात, बाकी सगळं कुणीतरी करतं, असं त्यांचं म्हणणं.

एवढा चिकाटीचा माणूस, पण संध्याकाळी गाडीची वेळ झाली की उठायचा. म्हणजे कसा उठायचा? बोलता बोलता. "हे बघ, हा आकडा इथे का येतो म्हटलंस तर..." एवढं म्हणून डब्याची पिशवी खांद्याला अडकवून जिन्यावर. मालक समोर उभे असोत, बंगळूरचा पाहुणा असो, पडद्यावर अर्धवट लिहिलेली ओळ असो. ते अर्धं वाक्य मी रात्रभर सांभाळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या, नमस्कार-चमत्कार न करता, ते उरलेलं अर्धं सांगत. आधी मला हा माज वाटला होता. इतरांना तो विक्षिप्तपणा वाटे, आणि मालकांना, काम वेळेत होत असल्यामुळे, काहीच वाटत नसे.

मला खरं कारण कळलं ते सासूबाईंमुळे. त्या नाशिकहून आल्या होत्या आणि त्यांना नंजनगूडच्या देवळात जायचं होतं. रविवार होता. देवळातून निघाल्यावर मी म्हटलं, इथेच आमचे एक सर राहतात. फोन केला तर मेष्ट्रु स्वतः कोपऱ्यावर घ्यायला आले. घरात काकू होत्या, त्यांच्या पत्नी. नीटनेटक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सासूबाईंना बघून त्यांनी हातच धरला. "या की, बसा. तुम्ही कुणाच्या?" सासूबाईंनी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, "तुम्ही कुणाच्या?" पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मेष्ट्रूंकडे.

ते आम्हाला पोचवायला बाहेर आले तेव्हा रस्त्यावर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. काकूंचं विसरणं काही वर्षांपासूनचं. त्यात एक विचित्र गोष्ट झाली होती. काकूंची कन्नड गेली. जन्मभर बाजारात, देवळात, शेजारीपाजारी जी भाषा त्या बोलल्या ती हळूहळू पुसली गेली आणि माहेरच्या घरातली मराठी तेवढी राहिली. दिवसभर शेजारची बाई येऊन बसते, चांगली आहे बिचारी, पण तिला मराठीचा एक शब्द येत नाही. उजेड असेपर्यंत खाणाखुणांवर निभतं. दिवेलागण झाली की काकू घाबरतात. दाराशी जाऊन हाका मारतात, काय हवंय ते सांगतात, आणि सांगितलेलं कुणालाच कळत नाही म्हणून आणखी घाबरतात. "म्हणून गाडी," मेष्ट्रु म्हणाले. "अंधार पडायच्या आत मी दारात पाहिजे. ऑफिसात म्हणतात मेष्ट्रूंना कॉम्प्युटरचं वेड. मला कसलं वेड ग? मला तर ते डबडं आवडतही नाही. पहिल्यांदा रात्र व्हायची काम संपेपर्यंत. मग पुस्तकं आणली, शिकलो, एक एक स्क्रिप्ट केली. मला गाडी गाठायची असते, इष्टे." इष्टे म्हणजे एवढंच.

त्या दिवसापासून ती अर्धी वाक्यं मी विनातक्रार सांभाळू लागले. कधी कधी घड्याळाकडे बघून मीच म्हणे, "मेष्ट्रु, निघा."

आता त्या सिस्टिमच्या गोष्टीकडे यायला हवं. मला ती आठवायचाही कंटाळा येतो, पण तिच्याशिवाय मेष्ट्रु पुरे होत नाहीत.

कॉम्प्युटरची सिस्टिम नवी करून घ्या, असा निरोप सगळ्यांच्या पडद्यावर कित्येक महिने येत होता. आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं, स्क्रिप्टा त्याहून जुन्या. नव्या सिस्टिमवर त्या चालतील याची खात्री नव्हती. मेष्ट्रूंनी ठरवलं होतं की ही गाईडं छापायला गेली की सवडीने एक मशीन आधी नवं करून बघायचं. तोवर सगळ्यांनी 'नंतर आठवण करा' दाबायचं आणि मशीन कधीही बंद करायचं नाही. कारण बंद करताना ते नवी सिस्टिम घालूनच बंद होई. प्रत्येक पडद्याच्या कडेला त्यांनी कन्नडमध्ये एक चिठ्ठी चिकटवली होती, आणि माझ्या पडद्यावर खास मराठीत: 'झोपवा. मारू नका.'

मग दसरा आला. म्हैसूरचा दसरा म्हटला की बाहेरच्यांना हत्ती आठवतो. आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवसाला जास्त मान. आयुधपूजा. रिक्षावाला रिक्षा धुतो, न्हावी कात्र्या मांडतो, बसला केळीचे खुंट बांधतात. ज्या हत्याराने पोट भरतं त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याची पूजा करायची आणि त्याला विश्रांती द्यायची. आमच्या ऑफिसात ही पूजा मेष्ट्रूंच्या हातून व्हायची. बाकी सगळ्या बाबतीत तर्काने चालणारा हा माणूस आयुधपूजेला मात्र धोतर नेसून यायचा, आणि त्याचं म्हणणं असं की झोपलेलं मशीन म्हणजे विश्रांती नव्हे. आतमध्ये दिवा लुकलुकतोय, पंखा फिरतोय, मग कसली विश्रांती? पूजेआधी यंत्र पूर्ण बंदच पाहिजे.

त्या सकाळी भटजी घाईत होते, त्यांना पुढे आणखी दुकानं होती. मालक दाराशी कोहळा घेऊन उभे. मेष्ट्रु झेंडूच्या माळा हातावर टाकून एकेका मशीनशी जात होते, बंद करत होते, माळ घालत होते. पडद्यावर काय लिहून येतंय ते त्यांनी वाचलं नाही. जगाला वाचायला लावणारा माणूस, त्याने ते वाचलं नाही. आम्ही सगळ्या तिथेच होतो, गंध उगाळत, चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत. कुणाच्याही लक्षात आलं नाही. प्रत्येक मशीनवर हळद-कुंकू लागलं, कोहळा फुटला, आम्ही चुरमुरे आणि पेढा घेऊन घरी गेलो. आणि माळा घातलेली ती मशीनं बंद होता होता मुकाट्याने नवी होत बसली.

सुट्टीनंतर आलो. मशीनं सुरू केली तर पडद्याचा रंगच वेगळा. मेष्ट्रु माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कर," म्हणाले. मी सॉफ्टवेअर उघडलं, 'नंजनगूड'वर क्लिक केलं. नाव क्षणभर निळं झालं आणि पुन्हा पांढरं. बाकी काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चूक दाखवणारी खिडकी नाही, आवाज नाही. 'सुजातपुरम' नाही, 'तांडवपुर' नाही. सगळी लाईन गप्प. मेष्ट्रूंच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदा बघितली. ओरडणारं मशीन त्यांना चाललं असतं. हे तर तोंडच उघडत नव्हतं.

ते तडक मालकांकडे गेले आणि म्हणाले, "मीच बंद केली सगळी. मीच." मालक स्वभावाने वाईट नाहीत. ते म्हणाले, मेष्ट्रे, मला वाटलंच होतं, यंदा कोहळा एका फटक्यात फुटला नाही. पण गाईडं दुसऱ्या सत्राआधी शाळांत पोचायला हवी होती, आणि दुकानदार इतर कंपन्यांची उचलायला टपलेलेच होते. त्यामुळे दोनच दिवसांत मालकांची श्रद्धा संपली आणि आरडाओरडा सुरू झाला.

सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या बंगळूरच्या माणसाला फोन केला. त्याने एका दमात दहा गोष्टी करायला सांगितल्या: हे काढा, ते पुन्हा घाला, ही परवानगी द्या, ते कुलूप उघडा. मेष्ट्रु त्या एक एक करून बघत होते, तेवढ्यात मालकांनी दुसऱ्या मशीनवर दहाच्या दहा करून घेतल्या. त्या मशीनवर स्क्रिप्टा तर उठल्या नाहीतच, वर संस्कृतची अक्षरं चौकोन होऊन बसली. आम्ही बाकीच्या जणी हाताने पानं लावू लागलो. प्रश्नांना एक एक क्रमांक घाल, चित्र सरकव, पुन्हा बघ. माझी मान, पाठ, डोळे, सगळं कामातून गेलं. घरी गेल्यावर नवऱ्याने साधं 'जेवण काय' विचारलं तरी मला रडू यायचं. या सगळ्या दिवसांची मला एकच आठवण आहे, थकव्याची.

मेष्ट्रुही हाताने पानं लावत होते आणि मधल्या वेळात त्या स्क्रिप्टांच्या मागे होते. आणि संध्याकाळी उठत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मालकांचा तोल गेला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, पोरीबाळी काळोख पडेपर्यंत बसतात आणि ज्यांनी घाण केली ते वेळ झाली की पळतात. उद्यापासून काम संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर यायचंच नाही. मेष्ट्रूंनी पिशवी उचलली आणि गेले. मला इतका राग आला की मी मालकांना तिथल्या तिथे काकूंबद्दल सांगून टाकलं. मालक म्हणाले, मला कुणी कधी सांगितलं? ते खरंच होतं. मेष्ट्रूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मालक म्हणाले, वाईट वाटतं अम्मा, पण पुस्तकं कोण लावणार? तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रु काकूंना घेऊन आले.

जिन्याने हात धरून आणलं, माझ्या आणि त्यांच्या टेबलाच्या मधे खुर्ची ठेवली, बसवलं. मला म्हणाले, "तुझं मराठी हिला कळतं. मधून मधून बोल ग. आज रात्र झाली तर होऊ दे." मालक काचेच्या खोलीतून बघत होते. त्यांनी काकूंसाठी कॉफी पाठवली.

काकू खुशीत होत्या. माणसं, आवाज, उजेड. एका मशीनवरची वाळलेली माळ काढून मांडीवर घेतली आणि फुलं सुटी करत बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हे काय करता हो तुम्ही?"

"ह्या पेटीत माझी माणसं आहेत," मेष्ट्रु म्हणाले. "मी नाव दाबतो, माणूस उठतो, काम करतो. आता उठेनात झालीत."

"मेली काय?"

"नाहीत मेली. हे बघ." त्यांनी काळी खिडकी उघडली, जिथे हाताने आज्ञा लिहितात. तिथे एक ओळ लिहिली आणि 'नंजनगूड' तिथे सुरळीत धावली, पण पानं सॉफ्टवेअरच्या पोटात असल्यामुळे तिला ती भरता येत नव्हती. "इथे उठतात. तिथे सॉफ्टवेअरमध्ये उठत नाहीत."

"इथे हाक कोण मारतं?"

"मी की. नाव घेऊन मारतो."

"तिथे?"

"तिथे ते होतं आपोआप," मेष्ट्रु म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माणूस किती थकला होता ते मला त्या शब्दावरून कळलं.

काकू सगळं विसरल्या. थोड्या वेळाने फुलांवरून नजर उचलून म्हणाल्या, "हे काय करता हो तुम्ही?" मेष्ट्रूंनी चिडायला हवं होतं, मी तर चिडले असते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पेटी, माणसं, नाव दाबतो, उठत नाहीत. पुन्हा काळी खिडकी. काकूंनी पुन्हा तेच विचारलं, इथे हाक कोण मारतं, तिथे कोण मारतं. यात काही जादू नव्हती. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं आणि सांगितलेल्या गोष्टीत जिथे भोक होतं तिथेच त्यांचं बोट दर वेळी जात होतं. असं दुपारपर्यंत किती वेळा झालं कोण जाणे. मी एकीकडे चित्रं सरकवत होते आणि ऐकत होते.

एकदा सांगता सांगता मेष्ट्रु "तिथे ते..." एवढं म्हणाले आणि थांबले.

"तिथे कोण हाक मारतं हो?" काकू म्हणाल्या.

"तडी. तडी तडी." थांब, थांब. मेष्ट्रूंनी चष्मा कपाळावर चढवला. "पहिली ओळ. अय्यो, पहिली ओळ!"

नंतर त्यांनी मला समजावलं ते असं. प्रत्येक स्क्रिप्टच्या अगदी वरच्या ओळीत, ती चालवणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये कुठे राहतो त्याचा पत्ता लिहिलेला असतो. काळ्या खिडकीत मेष्ट्रु त्या चालवणाऱ्याला स्वतः नावाने बोलावत, म्हणून तिथे पत्ता लागतच नव्हता. सॉफ्टवेअर मात्र त्या पत्त्यावर जाऊन त्याला बोलावी. नव्या सिस्टिमने चालवणाऱ्याचं घर बदललं होतं. सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाई, दार ठोठावी, कुणी नाही म्हणून मुकाट परत येई आणि ते कुणाला सांगतही नसे. ती ओळ मेष्ट्रूंनी कैक वर्षांपूर्वी एकदा लिहिली होती आणि त्यानंतर तिच्याकडे बघण्याची कधी वेळच आली नव्हती. त्यांनी ती एक ओळ बदलली, फक्त एक, फक्त 'नंजनगूड'मध्ये. मग मला म्हणाले, "कर."

मी क्लिक केलं. पानं भराभर भरत गेली. आम्ही सगळ्या ओरडलो. मालक खोलीतून बाहेर आले. काकूंनी सगळ्यांना हसताना बघून टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "कुणाचं लग्न?"

बाकीच्या स्क्रिप्टांना नवा पत्ता घालायला फार वेळ लागला नाही, पण साचलेली पुस्तकं त्यांच्यातून काढायला लागला. मालक दोनदा येऊन म्हणाले, मेष्ट्रे, तुम्ही जा आता, या करतील. मेष्ट्रु म्हणाले, आज ती इथेच आहे, आज कसली घाई? संध्याकाळचे निवांत बसलेले ते मी पहिल्यांदाच बघत होते. गाडीची वेळ आली आणि गेली, त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नाही. मला वाटलं, हे आधीच का नाही सुचलं कुणाला? रोज आणावं काकूंना, बसू देत माझ्याशेजारी.

नंतर त्यांनी नोकरी सोडली, संक्रांतीच्या सुमाराला. मालकांनी घरून काम करा म्हटलं, पगार वाढवतो म्हटलं. मेष्ट्रु म्हणाले, बेड, नको. आता स्क्रिप्टा मी सांभाळते. नावं तीच ठेवली आहेत. नवीन मुली 'चालत नाही' म्हणत येतात तेव्हा मीही विचारते, काय केलंस, काय झालं. पण माझ्या आवाजात तो दम नाही, आणि खरं सांगायचं तर मला तितका उत्साहही नाही. मेष्ट्रूंना फोन करते कधी तरी. बोलता बोलता ठेवून देतात, अर्ध्यावर.

त्यांनी नोकरी का सोडली हे मालक अजून विचारतात. मी सांगत नाही. मला माहीत आहे, कारण काकू ऑफिसात आल्या त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

बाहेर अंधारू लागलं तसं कुणीतरी दिवे लावले. काकूंची फुलं संपली होती. त्या उठून दाराशी गेल्या. मी मागोमाग गेले. मेष्ट्रूंनी मशीन झोपवलं, पिशवी उचलली आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "चल ग. जाऊ घरी."

काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि माझा दंड धरला. "हे कोण?" मला विचारलं. मग त्यांच्याकडेच वळून, सभ्यपणे, परक्या माणसाशी बोलतात तसं म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी कशी येऊ तुमच्याबरोबर? आमचे हे यायचेत आता. गाडीने येतात ते, अंधार पडायच्या आत."

मी काकूंना म्हणाले, "अहो काकू, हेच ते." त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं.

"बरं," मेष्ट्रु म्हणाले. "इरली." असू दे. आणि ते दाराबाहेर गेले, जिना उतरू लागले.

बराच वेळ झाला तरी ते वर येईनात. काकू माझा दंड घट्ट धरून जिन्याकडे बघत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, दुसऱ्या मुलीला जवळ उभं केलं आणि बाहेर गेले. मेष्ट्रु मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, खिशातून कंगवा काढून केस विंचरले, शर्ट नीट केला.

"ती आत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत. वाट बघतायत."

ते जोरात पावलं वाजवत वर आले, दारात थांबून चपला काढल्या आणि हाक मारली, "आलो ग."

काकूंचा चेहरा उजळला. "किती उशीर केलात हो," त्या म्हणाल्या. "इथे कुणी ओळखीचं नव्हतं."